छोटा पीएफ मोडण्याआधी पेन्शनची वर्षे मोजा

संपादक महोदय,

चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठलीही औद्योगिक वसाहत घ्या. कंत्राट संपले किंवा नोकरी सुटली की दोन-तीन वर्षांत साठलेला पीएफ काढून घ्यायचा आणि पुढच्या ठिकाणी नव्याने सुरुवात करायची, ही रीत पक्की रुळली आहे. रक्कम लाखाच्या अलीकडे-पलीकडे असते, गरज खरी असते आणि पैसा कामगाराचा स्वतःचा असतो. त्यामुळे ‘काढू नका’ असा उपदेश करण्यासाठी हे पत्र नाही. मात्र पैसे काढताना दोन ठिकाणी जे नुकसान होते ते बहुतेकांना फार उशिरा कळते, आणि दोन्ही टाळता येते. पहिले नुकसान प्राप्तिकराचे, दुसरे पेन्शनच्या वर्षांचे. दुसऱ्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. आमच्या मते तेच मोठे आहे.

पगारातून कापलेले पैसे एकाच खात्यात जात नाहीत, इथून सुरुवात करावी लागते. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील तर कामगाराचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, पूर्णपणे भविष्य निर्वाह निधीत जातात. मालकाचेही १,८०० असतात, पण त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये जातात आणि पीएफमध्ये उरतात फक्त ५५०. पासबुकातले तीन रकाने ते हेच. पेन्शनच्या रकान्यातल्या पैशांवर व्याज लागत नाही. त्या पैशांनी विकत घेतली जातात ती सेवेची वर्षे. फॉर्म १९ पीएफसाठी असतो आणि फॉर्म १०सी पेन्शनसाठी. सायबर कॅफेत दोन्ही एकदमच भरून टाकतात, जणू एकाशिवाय दुसरा चालतच नाही. तसे अजिबात नाही. फॉर्म १९ भरून पीएफ काढला आणि १०सी भरलाच नाही, तर पेन्शनची सेवा यूएएनवर, म्हणजे सर्व नोकऱ्यांना मिळून असलेल्या एकाच पीएफ क्रमांकावर, तशीच राहते.

आधी कर. एक सूचना इथेच करून ठेवतो: १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा २०२५ चा कायदा घेतो आणि कलमांचे आकडे बदलतात. वाचकांच्या ओळखीचे जुनेच आकडे या पत्रात ठेवले आहेत.

नियम थोडक्यात असा. अखंड पाच वर्षांची सेवा झाली असेल तर काढलेला पीएफ करमुक्त. त्याआधी काढला तर करपात्र, आणि रक्कम ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर कलम १९२अ खाली १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा कर, वजा होऊनच पैसे हातात येतात. हे कलम १ जून २०१५ पासून आले. तेव्हा मर्यादा ३०,००० होती, वर्षभराने ती ५०,००० झाली. पॅन जोडलेला नसेल तर १० ऐवजी २० टक्के कापले जातात. पॅन आहे पण आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला आहे, तरी तो नसल्यासारखाच धरला जातो. पीएफ खात्यावर पॅनपुढे हिरवी खूण दिसते म्हणून निश्चिंत राहू नये. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर जाऊन पॅन-आधार जोडणीची स्थिती वेगळी पाहावी.

आता वर सांगितलेल्या १५,००० पगाराच्या कामगाराने ४० महिन्यांनी पीएफ काढला असे धरू. व्याज सव्वाआठ टक्क्यांनी मोजले तर त्याचा स्वतःचा हिस्सा ७२,००० आणि त्यावर व्याज सुमारे १०,२०० होते. मालकाचा हिस्सा २२,००० आणि त्यावर व्याज सुमारे ३,१००. एकूण साधारण १,०७,३००. टीडीएस या पूर्ण रकमेवर कापला जातो, म्हणजे सुमारे १०,७३० रुपये. पण पूर्ण रक्कम करपात्र असते का? नाही. मालकाचा हिस्सा व त्यावरील व्याज हे २५,१०० रुपये पगार म्हणून करपात्र होतात आणि स्वतःच्या हिश्शावरचे १०,२०० रुपये व्याज ‘इतर उत्पन्न’ म्हणून. स्वतःचे ७२,००० त्याने आधीच कर लागू असलेल्या पगारातून भरलेले असतात, ते पुन्हा करपात्र होत नाहीत. याला अपवाद एकच: जुन्या करप्रणालीत त्या वर्षी पीएफच्या वर्गणीवर कलम ८०सी ची वजावट घेतली असेल तर ती परत धरली जाते. नव्या प्रणालीत ही वजावटच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उरत नाही.

म्हणजे करपात्र ठरले ३५,३०० आणि कापणी झाली १,०७,३०० वर. या कामगाराचे वर्षाचे उत्पन्न अडीच-तीन लाखांच्या आसपास असेल तर नव्या प्रणालीत त्याला एक रुपयाही कर लागत नाही. १०,७३० रुपये पूर्णच्या पूर्ण त्याचे आहेत. पण ते आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते, आणि ‘माझे उत्पन्न कराच्या खाली आहे, मला रिटर्न कशाला’ अशी समजूत असलेला माणूस ते भरत नाही. कर लागत नाही म्हणून रिटर्न नाही, रिटर्न नाही म्हणून परतावा नाही: कमी पगाराच्या माणसाचे पैसे अडकतात ते इथे.

विवरणपत्र अवघड नाही. साध्या पगारदाराला आयटीआर-१ पुरतो. भरण्याआधी २६एएस (कापलेल्या कराचा उतारा) किंवा वार्षिक माहिती विवरण उघडून पीएफ कार्यालयाच्या टॅनसमोर (कर कापणाऱ्याचा क्रमांक) कलम १९२अ खाली कापलेली रक्कम दिसते का ते पाहावे. ती तिमाही विवरणानंतर दिसते, म्हणून पैसे मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी शोधून घाबरू नये. मालकाचा हिस्सा व त्याचे व्याज पगारात, स्वतःच्या हिश्शाचे व्याज इतर उत्पन्नात, आणि टीडीएस त्याच्या रकान्यात. नेहमीची मुदत ३१ जुलै. ती चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते. त्यानंतर मात्र दार जवळजवळ बंद होते. पुढे भरता येणारे ‘अद्ययावत’ विवरणपत्र परतावा मागण्यासाठी वापरता येत नाही, हे कित्येक सल्लागारही विसरतात. उरतो तो विलंब माफीचा अर्ज, आणि दहा हजारांसाठी ती खटपट कोणी करत नाही. बँक खाते मात्र प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर पडताळलेले हवे. पीएफकडे खाते जोडले म्हणजे तिकडेही जोडले गेले असे होत नाही.

टीडीएस कापूच नये यासाठी फॉर्म १५जी आहे, साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी १५एच. ऑनलाइन फॉर्म १९ भरताना तो पीडीएफ करून जोडता येतो. पण ही स्वयंघोषणा आहे आणि तिला दोन अटी आहेत. वर्षाच्या एकूण अंदाजित उत्पन्नावरचा कर शून्य असला पाहिजे, आणि ज्या उत्पन्नासाठी घोषणा देतो ते मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त नसले पाहिजे. ही दुसरी अट १५एच ला नाही. वरच्या उदाहरणातला कामगार दोन्ही अटींत बसतो, त्याने १५जी जरूर द्यावा. ज्याचा पगार करपात्र आहे त्याने केवळ पूर्ण रक्कम हातात यावी म्हणून तो देऊ नये. खोटी घोषणा हा गुन्हा आहे, आणि काढलेली रक्कम प्राप्तिकर खात्याला वार्षिक माहितीत दिसतेच. परदेशात स्थायिक झालेल्या अनिवासी व्यक्तीला १५जी देता येत नाही. पॅन चुकला, सही राहिली, चालू आर्थिक वर्षाऐवजी पुढचे करनिर्धारण वर्ष लिहिले, ही १५जी बाद होण्याची कायमची कारणे आहेत. फॉर्मचा पहिला भागच आपण भरायचा असतो, दुसरा भाग पीएफ कार्यालयाचा.

याच्या उलट गैरसमजही तितकाच पसरलेला आहे: रक्कम ५०,००० च्या आत आहे, टीडीएस कापला नाही, म्हणजे कर नाही. टीडीएस ही वसुलीची पद्धत झाली, कर किती हे त्यावरून ठरत नाही. पाच वर्षांच्या आत काढलेले ४५,००० सुद्धा विवरणपत्रात दाखवावे लागतात.

पगार मोठा असेल तर चित्र पार बदलते, आणि हिंजवडी-खराडीतल्या तरुणांनी हे उदाहरण नीट वाचावे. वर्षाला १२ लाख ७५ हजार पगार, मूळ पगार महिना ५०,०००. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १२ लाख उरतात आणि कलम ८७अ च्या सवलतीमुळे आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी कर शून्य. या व्यक्तीने चार वर्षे आठ महिन्यांनी राजीनामा देऊन पीएफ काढला. सुरुवातीपासूनच पगार १५,००० च्या वर असल्याने तिचा पेन्शन योजनेत समावेश नव्हता, म्हणून मालकाचेही पूर्ण १२ टक्के पीएफमध्ये. एकूण रक्कम सव्वाआठ टक्क्यांनी सुमारे ८ लाख ११ हजार. त्यातले करपात्र, मालकाचा हिस्सा व दोन्हींकडचे व्याज धरून, साधारण ४ लाख ७५ हजार. वर्षाचे इतर उत्पन्न तेवढेच राहिले तर एकूण उत्पन्न १६ लाख ७५ हजार होते, ८७अ ची सवलत पूर्ण जाते आणि उपकरासह कर येतो १,४०,४०० रुपये. टीडीएस कापला जातो सुमारे ८१,०००. उरलेले ५९,००० स्वतः भरायचे, आणि वेळेत आगाऊ कर भरला नाही तर त्यावर महिना १ टक्क्याने व्याज. मागील वर्षांवर उत्पन्न विभागून दाखवण्याची कलम ८९ ची सवलत मिळू शकते. तिच्यासाठी विवरणपत्राआधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावाच लागतो, नाहीतर सवलत नाकारल्याची सूचना येते. पण मुळात आणखी चार महिने थांबले असते, किंवा खाते नव्या कंपनीत वर्ग केले असते, तर यातले काहीच उद्भवले नसते.

वर्ग करणे हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. पाच वर्षे एकाच कंपनीत काढावी लागतात असे नाही. जुन्या नोकरीतली शिल्लक नव्या पीएफ खात्यात वर्ग केली तर जुनी सेवाही मोजली जाते. दोन वर्षे एका ठिकाणी आणि तीन वर्षे एक महिना दुसऱ्या ठिकाणी, मध्ये शिल्लक वर्ग केलेली, तर पाच वर्षे पूर्ण. यूएएन एकच आहे म्हणून ही जोड आपोआप लागली असे समजू नये. यूएएनच्या पोटात प्रत्येक कंपनीचा सदस्य क्रमांक वेगळा असतो. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर कारखाना तोच, यंत्र तेच, पण ठेकेदार बदलला की सदस्य क्रमांक बदलतो. संकेतस्थळावर ‘वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट’ या पर्यायातून वर्ग करण्याचा अर्ज होतो. तो मंजूर झाल्यावर जुन्या क्रमांकाच्या पासबुकात शिल्लक शून्य दिसते ना, आणि सेवा इतिहासात दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या नाहीत ना, हे पाहावे.

पाच वर्षांच्या आतही कर न लागण्याच्या वाटा कायद्यात आहेत, त्या लोकांना माहीत नसतात. आजारपणामुळे नोकरी सुटली, मालकाने धंदा बंद केला किंवा आटोपता घेतला, किंवा कामगाराच्या हाताबाहेरचे दुसरे कारण असेल, तर रक्कम करमुक्त आहे. पण कंपनी बंद पडताना मालक किंवा ठेकेदार नोंदीत सरसकट ‘सेसेशन, शॉर्ट सर्व्हिस’ (थोड्या सेवेनंतर नोकरी संपली) असे कारण टाकून मोकळा होतो, आणि संगणक त्या कारणावर टीडीएस कापतो. ज्यांच्या कारखान्याला टाळे लागले त्यांनी बंदची नोटीस, कामावरून कमी केल्याचे पत्र जपून ठेवावे, कारण दुरुस्त करून घ्यावे. तरीही टीडीएस कापला गेलाच तर विवरणपत्रात ती रक्कम करमुक्त दाखवून परतावा मागता येतो. कागद नसेल तर हा हक्क शाबीत करणे अवघड जाते.

आता पेन्शन. दहा वर्षांच्या आत सेवा असेल तर फॉर्म १०सी भरून पेन्शनऐवजी एकरकमी रक्कम काढता येते. किती मिळते? साठलेल्या रकमेचा आणि व्याजाचा इथे हिशेबच नसतो. सेवेचा काळ आणि शेवटचा पगार, जास्तीत जास्त १५,०००, यांचा तक्ता असतो. पाच वर्षांच्या सेवेला साधारण पाच पगारांहून किंचित जास्त, म्हणजे ७५,००० च्या थोडे वर. मालकाने पाच वर्षांत पेन्शन खात्यात भरलेले १,२५० रुपये महिन्याचे किती होतात? तेही ७५,०००. म्हणजे भरले तेवढेच जवळजवळ परत, वर्षांचे व्याज नाही. चाळीस महिने भरलेल्या कामगाराला सुमारे ५०,००० मिळतात. जून २०२४ च्या दुरुस्तीनंतर हा तक्ता महिन्यांवर चालतो आणि सहा महिन्यांहून कमी सेवेलाही रक्कम मिळते. ही सुधारणा चांगली आहे, पण तिच्यामुळे पैसे काढण्याचा मोह आणखी वाढला.

त्या पैशांच्या बदल्यात जाते ती सेवा. १०सी ची रक्कम घेतली की ती वर्षे पेन्शनच्या हिशेबातून पुसली जातात. पुढच्या नोकरीत मोजणी शून्यापासून. पेन्शनला किमान दहा वर्षे लागतात आणि सूत्र आहे पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. पगार १५,००० आणि सेवा अकरा वर्षे असेल तर ५८ व्या वर्षापासून महिना सुमारे २,३५७ रुपये, आयुष्यभर, आणि पश्चात जोडीदाराला कुटुंब पेन्शन. आता ही अकरा वर्षे चार आणि सात अशी दोन नोकऱ्यांत विभागलेली आहेत असे धरा. पहिल्या चार वर्षांचे साठ-पासष्ट हजार १०सी ने काढले असतील तर हिशेबात उरली सात. सातवर पेन्शन नाही. पहिल्या नोकरीनंतर उचललेल्या साठ हजारांची किंमत ही आहे, आणि ती कळते वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. कंत्राटी कामगार दर दोन-तीन वर्षांनी असेच करत राहिला तर वीस-पंचवीस वर्षे पेन्शन योजनेत वर्गणी जाऊनही तो पेन्शनरहित निवृत्त होतो. पेन्शन रक्कम तुटपुंजी आहे, हा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपयांवर ठेवलेली आहे, ती वाढायलाच हवी. पण तुटपुंजी पेन्शन आणि काहीच नाही यांत, म्हातारपणी औषधाचा खर्च स्वतः करणाऱ्याला मोठा फरक पडतो.

दुसरीकडे कामाला लागणार असाल तर पीएफ वर्ग करताना पेन्शनची सेवाही पुढे जाते, वेगळे काही करावे लागत नाही. नोकरीत परत जायचे की नाही हे नक्की नसेल तर त्याच फॉर्म १०सी मध्ये पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागावे. त्यावर सेवेची वर्षे, पगार आणि कुटुंबीयांची नावे नोंदलेली असतात. पुढे कधीही नोकरी लागली की ते नव्या मालकामार्फत जमा करायचे आणि मोजणी तिथून पुढे चालू. पैशांची फारच निकड असेल तर आमचे सांगणे असे: फॉर्म १९ भरा, पीएफ घ्या, पण १०सी ला हात लावू नका. सेवा साडेनऊ वर्षांच्या आसपास असेल तर तारखा बारकाईने मोजा. सहा महिने किंवा त्याहून जास्त असलेला शेवटचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, त्यामुळे नऊ वर्षे सहा महिने म्हणजे दहा वर्षे, म्हणजे पेन्शनचा हक्क. अशांचा एकरकमीचा अर्ज फेटाळला जातो तेव्हा त्यांना राग येतो. वास्तविक त्यांच्या पदरात पेन्शन पडलेली असते.

काढण्याच्या मुदतीबद्दलही सध्या बराच गोंधळ आहे. वर्षानुवर्षे नियम असा होता की नोकरी सुटून एक महिना झाला की ७५ टक्के, आणि दोन महिने बेरोजगार राहिल्यावर पूर्ण रक्कम. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने हे बदलण्याचा निर्णय घेतला: ७५ टक्के लगेच, उरलेले २५ टक्के व अंतिम हिशेब बारा महिन्यांनी, आणि पेन्शनची एकरकमी रक्कम दोनऐवजी छत्तीस महिन्यांनी. समाजमाध्यमांवर यावर ‘सरकारने पैसे अडकवले’ असा ओरडा झाला. पीएफच्या बारा महिन्यांबद्दल मतभेद असू शकतात. घरभाडे आणि शाळेची फी थकलेल्या कुटुंबाला उरलेला चतुर्थांशही हवा असतो. पेन्शनच्या छत्तीस महिन्यांचे मात्र आम्ही स्वागत करतो. तीन वर्षांत बहुतेकांना दुसरी नोकरी लागते आणि मोडली जाणारी सेवा वाचते. अर्ज करण्याआधी त्या दिवशी संकेतस्थळावर कोणती मुदत दिसते ती पाहूनच घरखर्चाची आखणी करावी.

नोकरी सुटल्यावर पैसे तिथेच ठेवले तर व्याज मिळते का, हा प्रश्नही नेहमी येतो. मिळते, वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत. मात्र नोकरी सुटल्यानंतर जमा होणारे व्याज त्या त्या वर्षी करपात्र आहे, मग आधीची सेवा पाच वर्षांहून जास्त का असेना.

अर्ज कुठे अडतात ते आता सांगतो, कारण कर आणि पेन्शन समजूनही माणूस शेवटी इथे थकतो. सगळ्यात जास्त अडतात ते नावावर. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव अशी तीन अंगी नावे, ती आधारवर एका क्रमाने, पॅनवर दुसऱ्या आणि कंपनीच्या नोंदीत तिसऱ्या. लग्नानंतर मधले नाव व आडनाव बदललेल्या स्त्रियांचे अर्ज तर हमखास अडतात. आधारवरचे नाव प्रमाण मानून बाकीची दोन त्याप्रमाणे करावीत, आणि हे नोकरीत असतानाच करावे, कारण तेव्हा मालकाची संमती सहज मिळते. ठेकेदार गाव सोडून गेल्यावर दुरुस्तीसाठी लागणाऱ्या कामगार-मालकाच्या संयुक्त घोषणापत्रावर सही मिळवणे कर्मकठीण.

दुसरे कारण, नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली नसणे. ती मालकाने टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्य स्वतः ‘मार्क एक्झिट’ मधून टाकू शकतो. ज्या महिन्याची शेवटची वर्गणी जमा आहे त्याच महिन्यातली तारीख द्यावी. नंतरच्या महिन्यातली दिली तर वर्गणी आणि सेवा जुळत नाही. तिसरे कारण बँकेचे. देना, विजया, सिंडिकेट, आंध्र, कॉर्पोरेशन या बँका विलीन झाल्या, पण पीएफ खात्यावर जुनेच आयएफएससी (बँक शाखेचे संकेतांक) राहिले आणि पैसे परत गेले. चौथे, सुरुवातीपासूनच पगार १५,००० च्या वर असूनही मालकाने चुकून पेन्शन खात्यात वर्गणी भरलेली असणे. याचा निकाल मालकाच्या दुरुस्तीशिवाय लागत नाही. आणि ज्या मोठ्या कंपन्यांचा पीएफ स्वतःच्या विश्वस्त निधीत असतो त्यांच्या कामगारांनी फॉर्म १९ त्या ट्रस्टकडेच द्यायचा असतो. पीएफ कार्यालयाकडे त्यांची फक्त पेन्शन असते.

अर्ज पूर्ण असेल तर वीस दिवसांत निकाली निघायला हवा, अशी योजनेतच तरतूद आहे. न निघाल्यास ईपीएफआयजीएमएस या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ हे शिबिर भरते, तिथे सेवा इतिहासाची छापील प्रत, पासबुक आणि फेटाळल्याचा संदेश घेऊन गेलेल्याचे काम तोंडी सांगणाऱ्यापेक्षा लवकर होते.

आमच्या मागण्या दोन आहेत. भविष्य निर्वाह निधी संघटनेने फॉर्म १९ आणि १०सी चा शेवटचा ओटीपी मागण्याआधी सदस्याला त्याच्या भाषेत, महाराष्ट्रात मराठीत, तीन आकडे दाखवावेत: सर्व नोकऱ्या मिळून झालेली सेवा किती, टीडीएस किती कापला जाणार, आणि १०सी घेतल्यास पेन्शनच्या सेवेतून किती वर्षे पुसली जाणार. ही सगळी माहिती त्यांच्या संगणकात आधीच आहे. आणि राज्याच्या कामगार खात्याने कंत्राटदारांना बंधनकारक करावे, की काम सुटताना प्रत्येक कामगाराला यूएएन, सदस्य क्रमांक, नोकरी सोडल्याची तारीख आणि नोंदवलेले खरे कारण लिहिलेला सहीचा कागद शेवटच्या पगारासोबत द्यावा. आपल्या दैनिकाने जूनमध्ये, विवरणपत्रांच्या दिवसांत, पीएफच्या टीडीएसचा परतावा कसा मागावा याची पायरीवार माहिती एका अंकात छापली, तर ती कारखान्यांच्या फलकांवर लावण्याचे काम आम्ही करू.

आपले,
पीएफ दावे व प्राप्तिकर विवरणपत्रांचे काम करणारे काही सल्लागार,
नाशिक